आयोवाच्या मुली क्लीव्हलँड गाठतील का? (मार्च २०२४)

सीडरकाठ | सोमवार, १८ मार्च २०२४, सकाळी

काल संध्याकाळी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचं ब्रॅकेट, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, जाहीर झालं. आयोवा विद्यापीठाच्या संघाला पहिलं मानांकन, गट ऑल्बनी-२. २९ विजय, ४ पराभव आणि बिग टेन या आमच्या कॉन्फरन्सच्या (विद्यापीठांच्या साखळीच्या) स्पर्धेचं सलग तिसरं विजेतेपद पदरात असताना पहिलं मानांकन मिळणार हे धरूनच चाललो होतो. पण त्याच गटात आणखी कोण कोण येऊन बसलंय ते बघितलं आणि रात्री झोप लागेना. म्हणून हा धागा काढते आहे. इथे क्रिकेटचे धागे रोज निघतात, एक मुलींच्या बास्केटबॉलचाही असू द्या.

गेली अकरा वर्षं मी सीडर रॅपिड्सला राहते. इथून आयोवा सिटी गाडीने अर्ध्या तासावर. नागपूरला कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून दोन वर्षं पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारी म्हणून खेळले. त्यामुळे सामना बघताना माझी नजर चेंडू असलेल्या मुलीवर कमी आणि बाकीच्या चौघींवर जास्त असते. या धाग्यात मला त्या चौघींबद्दलच बोलायचं आहे.

आयोवाची केटलिन क्लार्क कोण हे आता भारतातही बऱ्याच जणांना माहीत आहे. १५ फेब्रुवारीला मिशिगनविरुद्ध तिने केल्सी प्लमचा कॉलेज कारकिर्दीतल्या ३,५२७ गुणांचा महिलांचा विक्रम मोडला, तोही मध्यरेषेजवळच्या लोगोवरून मारलेल्या तीन गुणांच्या बास्केटने, आणि त्या दिवशी एकूण ४९ गुण केले. ३ मार्चला ओहायो स्टेटविरुद्ध पुरुषांमधला पीट मॅराविचचा ३,६६७चा आकडाही मागे टाकला. पुरुष असो वा महिला, कॉलेजच्या वरच्या डिव्हिजनमध्ये तिच्याइतके गुण आता कोणाच्याच नावावर नाहीत.

पण त्याच ३ मार्चच्या सामन्यात मॉली डेव्हिसचा गुडघा दुखावला. सगळं मैदान विक्रमासाठी उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि घरी टीव्हीसमोर मी मॉलीचा विचार करत होते. मॉली ही क्लार्कच्या शेजारी चेंडू सांभाळणारी दुसरी गार्ड. समोरच्या दोघी-तिघींनी क्लार्कला घेरलं की चेंडू मॉलीकडे यायचा आणि ती शांतपणे पुढे न्यायची. पेपरात तिचं नाव रोज छापून येत नसे, पण ती मैदानात असली की क्लार्कला श्वास घ्यायला दोन-चार सेकंद मिळायची. बिग टेनचे तिन्ही सामने तिच्याविना झाले आणि सिडनी ॲफोल्टर पहिल्या पाचात आली.

माझं म्हणणं एवढंच आहे. क्लार्क ३० गुण करणार हे गृहीत धरून चाला. आयोवाचं काय होणार हे ॲफोल्टर, हॅना स्टीलकी, केट मार्टिन आणि गॅबी मार्शल या चौघी ठरवणार. कोणाला पटत नसेल तर जरूर लिहा.

---

नवखी | सोमवार, दुपारी

ताई, छान लिहिलंय. पण आयोवाचा संघ ऑल्बनीच्या गटात कसा? ऑल्बनी तर न्यूयॉर्क राज्यात. आणि ते २ कशासाठी?

---

सीडरकाठ | सोमवार, दुपारी

एकूण ६८ संघ असतात. ३२ आपापल्या कॉन्फरन्सचे विजेते आणि ३६ निवड समितीने घेतलेले. त्यांचे चार गट पडतात. गेल्या वर्षीपासून चार गटांचे पुढचे सामने चार शहरांऐवजी दोनच शहरांत होतात, म्हणून यंदा ऑल्बनी-१, ऑल्बनी-२, पोर्टलंड-३ आणि पोर्टलंड-४. पहिल्या दोन फेऱ्या मात्र प्रत्येक गटातल्या वरच्या चार मानांकितांच्या घरी. म्हणजे आयोवाचे पहिले दोन सामने आयोवा सिटीतच, कार्व्हर-हॉकआय अरीनात. ते जिंकले तर ३० मार्चला ऑल्बनी, तिथेही जिंकले तर १ एप्रिलला गटाचा अंतिम सामना आणि मग ५ एप्रिलला क्लीव्हलँडला फायनल फोर, म्हणजे चार गटांच्या विजेत्यांची उपांत्य फेरी.

तुझ्यासारख्या नव्याने बघायला लागलेल्यांसाठी एक सांगते. या ६८ संघांचा आणि ‘मार्च मॅडनेस’ या नावाचा मान मुलींना २०२२ पासूनच मिळाला. त्याआधी ६४ संघ होते आणि ते नाव फक्त मुलांच्या स्पर्धेला वापरलं जायचं. २०२१ मध्ये सॅन अँटोनिओला सगळे संघ एकत्र राहत होते, तेव्हा ओरेगनच्या सेडोना प्रिन्सने मुलींना व्यायामासाठी दिलेला डंबेल्सचा एकुलता एक स्टँड व्हिडिओत दाखवला. मुलांना मात्र भलीमोठी सुसज्ज जिम. तो व्हिडिओ देशभर पोचल्यावर चौकशी बसली आणि गोष्टी हलल्या. एका मुलीने फोन हातात घेतला म्हणून हे झालं, त्याचा मला अजून राग येतो आणि अभिमानही वाटतो.

---

आकडेमोड | सोमवार, रात्री

मूळ मुद्दा अर्धाच पटला.

देशात सर्वाधिक सरासरीने गुण करणारा संघ आयोवाचा आहे, सामन्याला नव्वदच्या वर. हे गुण ‘बाकीच्या चौघी’ स्वतःच्या जिवावर करत नाहीत. क्लार्क मध्यरेषा ओलांडली की कुठूनही मारू शकते, म्हणून तिच्यावरची बचावपटू तीस फुटांवर जाऊन उभी राहते. तिथेच कोर्ट ताणलं जातं आणि स्टीलकीला रिंगखाली मोकळी जागा मिळते. कॉलेजच्या एका मोसमात सर्वाधिक तीन गुणांच्या बास्केट्सचा स्टीफन करीचा १६२चा आकडा तिने बिग टेन स्पर्धेत मागे टाकला. या ताकदीला दुय्यम म्हणणं मला जमणार नाही.

माझी चिंता बचावाची आहे. चारही पराभव काढून बघा. ओहायो स्टेटने ओव्हरटाइममध्ये १००-९२ असं हरवलं. इंडियानाने ८६-६९. नेब्रास्काने ८२-७९. कॅन्सस स्टेटविरुद्ध ६५-५८ हा एकच सामना गुण न झाल्यामुळे गेला, त्यात क्लार्कच्या ३२ शॉट्सपैकी ९च आत गेले. बाकी तीन सामन्यांत समोरच्यांना अडवताच आलं नाही.

---

सीडरकाठ | सोमवार, रात्री

आकडेमोड, तुमच्याच आकड्यांत माझा मुद्दा आहे. ओहायो स्टेटच्या त्या सामन्यात क्लार्कने ४५ केले होते. पंचेचाळीस! तरी हरलो. नेब्रास्काच्या पराभवात तिचे ३१ होते, पण चौथ्या क्वार्टरमध्ये एकही नाही, कारण तोवर तिला कसं घेरायचं हे त्यांना उमगलं होतं आणि आमच्याकडून दुसरं कोणी पुढे आलं नाही.

आता १० मार्चचा बिग टेनचा अंतिम सामना बघा. पुन्हा नेब्रास्काच. पहिल्या हाफमध्ये क्लार्कचे फक्त ४ गुण. एकामागून एक चेंडू रिंगवर आपटून बाहेर. मिनियापोलिसचं टार्गेट सेंटर गच्च भरलेलं, बहुतेक सगळे पिवळ्या-काळ्या कपड्यात, आणि सगळे गप्प. त्या वेळी सामना हातातून सुटला नाही तो स्टीलकीमुळे. तिने २५ गुण केले. दुसऱ्या हाफमध्ये आणि ओव्हरटाइममध्ये क्लार्कने ३० केले आणि ९४-८९ असं जिंकलो. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ते ३०च आले. पण पहिल्या हाफमध्ये जिने संघाला तग धरून ठेवलं तिच्यावाचून दुसऱ्या हाफला अर्थच उरला नसता.

स्टीलकी आमच्या सीडर रॅपिड्सची, वॉशिंग्टन हायस्कूलची. फेब्रुवारीत पेन स्टेटविरुद्ध तिने ४७ गुण केले तेव्हा इथल्या किराणा दुकानात बिल करणाऱ्या मुलीनेही मला विचारलं, “काल बघितलंत का?” उंची ६ फूट २ इंच. सेंटर म्हणून ही उंची कमीच. पण धावते अशी, की रिबाउंड (चुकून परत आलेला चेंडू) हातात येताच क्लार्क मान वर न करता पाऊण कोर्ट लांब चेंडू फेकते आणि स्टीलकी तिथे पोचलेली असते. त्या पासच्या वेळी एकदा स्टीलकीकडे बघा. चेंडू सुटायच्या आधीच ती पळायला लागलेली असते, पाठ चेंडूकडे. चेंडू येणारच हा विश्वास. तो सरावाशिवाय येत नाही.

---

डेक्कनकर | मंगळवार, १९ मार्च

पुण्यात मुलींना शिकवतो, त्यामुळे धागा वाचून राहवलं नाही.

मला ऑल्बनीची नाही, घरच्या दुसऱ्या फेरीची काळजी आहे. २०२२ आठवा. आयोवाला दुसरं मानांकन, सामना आयोवा सिटीत, समोर दहावी मानांकित क्रेटन. ६४-६२ असे घरच्या प्रेक्षकांसमोर हरलात. निर्णायक तीन गुण मारले लॉरेन जेन्सनने, जी एक वर्ष आधीपर्यंत आयोवाच्याच संघात होती. घरचं मैदान आपल्याला उचलून धरतं तसं दडपणही देतं.

यंदा दुसऱ्या फेरीत आठवं मानांकन वेस्ट व्हर्जिनिया किंवा नववं प्रिन्सटन. माझं मन म्हणतं वेस्ट व्हर्जिनिया येणार. हा संघ पूर्ण कोर्टभर प्रेस करतो. बास्केट झाली की चेंडू आत घेण्यापासूनच अंगावर येतात. जेजे क्विनर्ली चेंडू हातातून कधी काढून घेईल सांगता येत नाही. अशा वेळी दोन चांगले चेंडू सांभाळणारे हात लागतात. आणि ताईंनी म्हटलंच आहे, दुसरे हात गुडघा बांधून बाकावर बसले आहेत.

क्लार्कचे सामन्याला चार-पाच टर्नओव्हर होतात, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या हाती जातो. इतका वेळ चेंडू हातात असणाऱ्या खेळाडूचे होणारच. पण प्रेसविरुद्ध ते आठ-नऊ झाले तर?

---

चिऊताई | मंगळवार

डेक्कनकरांना अनुमोदन. क्रेटनचा तो सामना मी होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये बघितला होता, संपल्यावर कोणी बोललंच नाही. यंदा क्रेटनही याच गटात आहे, सातवं मानांकन.

---

सीडरकाठ | मंगळवार, रात्री

डेक्कनकर, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. प्रेसचं उत्तर एका माणसाकडे नसतं. आम्हाला नागपूरला सरांनी शिकवलेलं आठवतं: प्रेस आली की चेंडू हातात असलेल्या मुलीने धावायचं नाही, बाकीच्यांनी तिच्याकडे यायचं. एक मागे, एक मधोमध, एक बाजूरेषेला. सिमेंटच्या कोर्टवर भर उन्हात तासतासभर हेच. कोणी मधोमध यायची विसरली की सर शिट्टी न वाजवता नुसते उभे राहायचे आणि आम्हीच थांबायचो.

मधोमध येणारी ती मुलगी म्हणजे माझ्या मते केट मार्टिन. सहावं वर्ष आहे तिचं, संघाची कर्णधार. उंच आहे, चेंडू डोक्यावर धरून पूर्ण कोर्ट बघू शकते, घाबरत नाही. प्रशिक्षक ब्लूडर तिला मध्ये ठेवतील आणि क्लार्कला कधीकधी चेंडूशिवाय पुढे पळवतील असा माझा अंदाज आहे. हे झालं तर प्रेस करणाऱ्यांनाच महागात पडेल, कारण प्रेस फुटली की पुढे तिघींसमोर दोघीच उरतात आणि त्या तिघींतली एक क्लार्क.

ॲफोल्टरबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिच्याबद्दल कुठे फारसं वाचायला मिळत नाही. शिकागोची मुलगी, तिसरं वर्ष, मोसमभर बाकावरून येणारी. तिची खासियत रिबाउंड. ती गार्ड आहे, म्हणजे बास्केट झाली नाही तर परत बचावाला पळणं तिचं काम. पण शॉट सुटला की ती क्षणभर रिंगकडे न बघता मारणारीच्या हाताकडे बघते. माझ्या डोळ्यांना तरी तसं दिसतं. डावीकडून मारलेला लांबचा शॉट चुकला तर बहुतेक वेळा उजवीकडे लांब पडतो, आणि ही तिथे हजर. क्लार्कच्या संघात हे सोन्याहून मोलाचं, कारण क्लार्क लांबून मारते आणि लांबचे चुकलेले चेंडू लांबच पडतात.

---

पामेटो | बुधवार, २० मार्च

साउथ कॅरोलिनातून नमस्कार. आमच्या गटाला ऑल्बनी-१ म्हणतात, त्यामुळे तुमची गाठ पडली तर क्लीव्हलँडलाच.

गेल्या वर्षी आम्ही ३६-० होतो आणि उपांत्य फेरीत क्लार्कच्या ४१ गुणांनी ७७-७३ असं आम्हाला घरी पाठवलं. त्या सामन्यातलं एक दृश्य आमच्या गावात कोणी विसरलेलं नाही. रेव्हन जॉन्सन तीन गुणांच्या रेषेबाहेर चेंडू घेऊन उभी आणि क्लार्कने तिला अडवायला जायचं सोडून हाताने झटकलं, मार म्हणाली जणू. ती क्लिप सगळीकडे फिरली. रेव्हनने नंतर सांगितलं की तिच्या मनात खेळ सोडायचा विचार आला होता. सोडला नाही. यंदा ती बाहेरून मारते आणि चेंडू आत जातो. मी तिच्यासाठीच हा मोसम बघते आहे.

पाचही सुरुवातीच्या खेळाडू गेल्या, नवीन संघ उभा राहिला आणि तरी ३२-०. आमच्या प्रशिक्षक डॉन स्टेलींच्या बाकावर अशा मुली आहेत की दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात पहिल्या पाचात खेळतील. कमिला कार्डोसो, ६ फूट ७ इंच, टेनेसीविरुद्ध शेवटच्या क्षणी तीन गुण मारून ७४-७३ जिंकून गेली, आणि ती तिच्या कॉलेज कारकिर्दीतली पहिली तीन गुणांची बास्केट! नंतर एसईसीच्या (आमच्या कॉन्फरन्सच्या) अंतिम सामन्यात धक्काबुक्की झाली, तिला बाहेर काढलं आणि आता पहिल्या सामन्याला ती बसणार. ते मला आवडलं नाही, पण शिक्षा योग्यच आहे.

सीडरकाठ ताई, तुमचा ‘बाकीच्या चौघी’चा मुद्दा मला शंभर टक्के पटतो, आणि म्हणूनच मला वाटतं की यंदा आम्ही जिंकणार. आमच्याकडे बाकीच्या नऊ आहेत.

---

आकडेमोड | बुधवार

पामेटोंचं बरोबर आहे. या स्पर्धेत साउथ कॅरोलिनापेक्षा खोलवर भरलेला दुसरा संघ नाही.

आयोवाच्या वाटेवर मात्र आधीच भिंती आहेत. चौथं मानांकन कॅन्सस स्टेट, तीच ज्यांनी नोव्हेंबरात आयोवा सिटीत येऊन हरवलं. (दहा दिवसांनी फ्लोरिडात आयोवाने ७७-७० असा हिशेब चुकता केला.) त्यांची आयोका ली ६ फूट ६ इंच. पाचवं कोलोरॅडो, ज्यांना गेल्या वर्षी सिॲटलला ८७-७७ हरवलं होतं. खालच्या अर्ध्यात दुसरं यूसीएलए, त्यांची लॉरेन बेट्स ६ फूट ७ इंच. आणि तिसरं मानांकन एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट.

एलएसयू आणि आयोवा एकाच गटात! २ एप्रिल २०२३ला डॅलसला झालेल्या अंतिम सामन्याची पुनरावृत्ती क्लीव्हलँडच्या आधीच होऊ शकते. तो सामना अमेरिकेत ९९ लाख लोकांनी बघितला होता. टीव्हीवाले खूश असतील.

---

सीडरकाठ | बुधवार, रात्री

डॅलसचा सामना मी अजून पुन्हा पूर्ण बघू शकलेले नाही. १०२-८५. सगळ्यांना लक्षात आहे ते शेवटी एलएसयूच्या एंजल रीसचं क्लार्कसमोर आपल्या बोटाकडे, विजेत्यांची अंगठी इथे येणार म्हणून, दाखवणं आणि त्यावर उठलेला गदारोळ. तो वाद मला कधीच महत्त्वाचा वाटला नाही. दोघीही ईर्ष्येने खेळणाऱ्या मुली आहेत, मुलांनी तेच केलं असतं तर कोणी एक ओळ लिहिली नसती. रीसला जे ऐकून घ्यावं लागलं ते अन्यायाचं होतं.

सामना आम्ही हरलो तो दुसऱ्या कारणाने. एलएसयूची जास्मिन कार्सन बाकावरून आली आणि पहिल्याच हाफमध्ये २१ गुण करून गेली. क्लार्कने त्या दिवशी ३० केले, तीन गुणांच्या ८ बास्केट्स मारल्या. पण आमच्या मोनिका सिनानो आणि मकेना वॉरनॉक फाऊलमुळे बाहेर गेल्या आणि त्यांच्या जागी उभं राहायला कोणी नव्हतं. म्हणजे एलएसयूला अजिंक्यपद मिळवून दिलं ते बाकावरच्या मुलीने.

त्या दोघीही आता नाहीत. आत उभ्या राहायला स्टीलकी, आणि मागे ॲडी ओग्रेडी व शॅरन गुडमन. स्टीलकीला लवकर दोन फाऊल झाले तर ओग्रेडीला दहा-बारा मिनिटं काढावी लागतील. ती उंच आहे, हात मऊ आहेत, डाव्या-उजव्या दोन्ही खांद्यांवरून हुक मारते. मला तिच्यावर भरवसा आहे. ब्लूडर तिला घरच्या दोन सामन्यांत जास्त वेळ खेळवतील अशी आशा करते, म्हणजे ऑल्बनीला ती गार पडलेली नसेल.

---

डिमॉइनकर | बुधवार, उशिरा

मी १९८३ साली इथे शिकायला आलो. तुम्ही सगळे क्लार्कमुळे गर्दी झाली म्हणता, पण आयोवात मुलींच्या बास्केटबॉलला गर्दी नवी नाही. १९८५च्या फेब्रुवारीत ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला कार्व्हर-हॉकआयमध्ये २२,१५७ माणसं कोंबली होती, क्षमतेच्या कितीतरी वर. तेव्हा व्हिव्हियन स्ट्रिंगर प्रशिक्षक होत्या. त्यांनीच १९९३ला संघाला पहिल्यांदा फायनल फोरला नेलं, आणि ज्या मोसमात नेलं त्याच मोसमात त्यांचे यजमान अचानक गेले होते.

आणि त्याच्याही आधीपासून गावोगावच्या शाळांत सहा-सहा मुलींचा खेळ होता. नवीन लोकांना सांगा कोणीतरी.

---

सीडरकाठ | गुरुवार, २१ मार्च

काका, मी सांगते, कारण माझ्या शेजारच्या आजी तो खेळल्या आहेत.

सहा जणींचा संघ. तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात. मधली रेषा कोणीच ओलांडायची नाही. दोनदा चेंडू आपटला की पास द्यायचाच. बास्केट मारायची ती फक्त फॉरवर्डनी. मुलींना पूर्ण कोर्ट धावणं झेपणार नाही या समजुतीतून आलेले नियम, पण आयोवाच्या लहान लहान गावांनी त्याला असं डोक्यावर घेतलं की डिमॉइनला राज्य स्पर्धेच्या वेळी शेतातली कामं थांबायची. १९९३ला तो खेळ बंद झाला. आयोवाच्या आजच्या सहप्रशिक्षक जॅन जेन्सन त्याच खेळात शाळेच्या शेवटच्या वर्षी सामन्याला सरासरी ६६ गुण करायच्या. ब्लूडरही आमच्या शेजारच्या मॅरियनच्या, त्याही सहा जणींचाच खेळ खेळून मोठ्या झालेल्या.

आमच्या आजी गार्ड होत्या. एकदा मी विचारलं, तुम्ही शाळेत असताना किती गुण केलेत? त्या म्हणाल्या, “एकही नाही गं. चार वर्षांत एकदाही शॉट मारला नाही. मला परवानगीच नव्हती.” हे सांगताना त्यांनी दोन्ही हात पसरून गुडघे किंचित वाकवले, बचावाला उभं राहतात तसे, वयाच्या सत्तरीत, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. पाय अजून बरोबर खांद्यांइतके फाकलेले.

तेव्हापासून गॅबी मार्शलला बघताना मला त्या आठवतात. मार्शलचं काम तेच: समोरच्या संघातल्या सगळ्यात चपळ मुलीला चाळीस मिनिटं चिकटून राहायचं.

---

डेक्कनकर | गुरुवार

ताई, हे वाचून थांबलो थोडा वेळ.

इकडची एक अडचण सांगतो. शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली ती आमच्या पुण्याची, त्यामुळे मुली खेळायला येतात, पालकही पाठवतात. पण गेल्या वर्षभरात बारा-तेरा वर्षांच्या मुली क्लार्कचे व्हिडिओ बघून येतात आणि थेट मध्यरेषेवरून मारायला लागतात. हातात जोर नाही म्हणून चेंडू कमरेपासून ढकलतात, कोपर बाहेर जातं, मांडीतून जोर घ्यायची सवय मोडते. त्यांना काय दाखवू?

---

सीडरकाठ | गुरुवार

तिचे पास दाखवा. सामन्याला सरासरी जवळजवळ ९ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास) आहेत तिचे, देशात सगळ्यात जास्त. आणि दाखवताना क्लिप मध्येच थांबवून विचारा, चेंडू कोणाकडे जाणार आहे? आमच्या लेकीबरोबर मी हेच करते. आधी ती नेहमी चुकायची. आता तिला दिसायला लागलं आहे की कोपऱ्यातली मुलगी दोन पावलं सरकली म्हणून पास झाला. आणि शॉट मारायचाच असेल तर पहिले सहा महिने फ्री थ्रो रेषेच्या पुढे जाऊ देऊ नका.

---

नवखी | गुरुवार, रात्री

मग ताई, शेवटी तुमचा अंदाज काय? आणि क्लार्क पुढच्या वर्षी असेल ना?

---

सीडरकाठ | शुक्रवार, २२ मार्च

नसेल. कोविडमुळे मिळालेलं आणखी एक वर्ष तिच्याकडे होतं, पण २९ फेब्रुवारीलाच तिने जाहीर केलं की ती डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टला (खेळाडूंच्या निवडीला) जाणार. मार्टिन, मार्शल आणि मॉलीचंही हे शेवटचंच. म्हणजे या पाच-सहा जणी एकत्र अशा पुन्हा दिसणार नाहीत.

अंदाज. काल रात्री होली क्रॉसने टेनेसी-मार्टिनला हरवलं, उद्या आपली गाठ त्यांच्याशी. तो सामना जिंकू. वेस्ट व्हर्जिनिया आली तर सोमवारचा सामना अवघड जाईल, गुण कमी होतील, पण मार्टिन मधोमध उभी राहिली तर निघू. ऑल्बनीला कोलोरॅडो येवो की कॅन्सस स्टेट, मला स्टीलकीच्या फाऊलची भीती आहे. एलएसयूविरुद्ध या वेळी आपण जिंकू असं मला मनापासून वाटतं, कारण डॅलसला होत्या त्यातल्या तिघी-चौघी ते विसरलेल्या नाहीत. क्लीव्हलँड गाठू. साउथ कॅरोलिना समोर आली तर मात्र पामेटोंच्या नऊ जणींपुढे आमच्या सहा कमी पडतील असं वाटतं. हे लिहिताना बोटं अडखळतात, पण जे वाटतं तेच लिहिते.

उद्या आम्ही जाणार आहोत. तीन तिकिटं मिळाली, मी, लेक आणि शेजारच्या आजी. ज्यांनी ते मैदान बघितलं नाही त्यांना सांगते: कार्व्हर-हॉकआय जमिनीत खोल बांधलेलं आहे. बाहेरून बघितलं तर काही भव्य दिसत नाही. दारातून आत शिरलं की आपण सगळ्यात वरच्या रांगेपाशी असतो आणि कोर्ट एकदम खाली, विहिरीच्या तळाशी पाणी दिसावं तसं. आजींचे गुडघे दुखतात म्हणून वरच्याच रांगेतली तिकिटं घेतली आहेत.

लेकीला २२ नंबरचा टी-शर्ट हवा होता, कुठल्याच दुकानात तिच्या मापाचा उरला नाही. मग तिने जुना पांढरा टी-शर्ट काढला, काळा रंग आणला आणि मला विचारलं, “आई, ॲफोल्टरचा नंबर काय?” टी-शर्ट आता मागच्या दारात वाळत घातला आहे. वाऱ्याने हलतो आहे, म्हणून खाली दोन चिमटे लावलेत. तीनचा आकडा जरा तिरका आलाय.

---

पामेटो | शुक्रवार

उद्यासाठी तुम्हाला शुभेच्छा, मनापासून. आजींना नमस्कार सांगा. सामना किती वाजता?

---

सीडरकाठ | शुक्रवार, रात्री

आमच्या दुपारी दोनला, तुमच्याकडे तीन. एबीसी चॅनलवर आहे. डेक्कनकर, तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील.

---

डेक्कनकर | शनिवार, २३ मार्च, सकाळी

जागा राहणार आहे. संध्याकाळी सराव झाला की संघातल्या चार मोठ्या मुली आमच्याच घरी मुक्कामाला येतायत. त्यांना सांगितलंय, क्लार्ककडे चेंडू आला की बाकीच्या चौघी काय करतात तेवढंच वहीत लिहायचं.